तुमचं नाव दिसत नाही, सर

"सर, तुमचं नाव डिरेक्टरीत दिसतच नाही." फोनवरचं पोरगं हे इतक्या निवांतपणे बोललं की तेरवी कधी, एवढंच विचारायचं राहिलं.

मार्क भरायची मुदत संपत आलेली. इतकी वर्षं आमचं अख्खं ऑफिस एकाच 'ऑफिस' नावाच्या खात्यावर सुखानं चाललं होतं. आता फर्मान आलं की ज्यानं त्यानं आपापल्या नावानंच लॉगिन करायचं. सर्व्हर संस्थेचा, तोही जिल्ह्याच्या गावी. आम्ही दारव्ह्याच्या पलीकडे, जिथं जरा वारा सुटला की नेट जाते. म्हणून फोन स्पीकरवर टाकला, आणि तिथंच घोटाळा झाला. समोरच्या बाकावर नातवाची टीसी न्यायला आलेले एक काकाजी बसले होते.

"काय हरपलं जी बाबू?"

"माझं नाव."

"कोठी होतं?"

रागावलेल्या माणसाला ऐकणारा लागतो, म्हणून सगळं सांगितलं. संस्थेतल्या प्रत्येकाची नोंद सर्व्हरवरच्या डिरेक्टरीत असते. संस्थेखाली तालुका, तालुक्याखाली कॉलेज, कॉलेजाखाली माणूस. माणूस कोणत्या ग्रुपात आहे, त्यावरून कोणतं फोल्डर त्याला उघडेल ते ठरतं.

"म्हंजे तलाठ्याचं दप्तर," काकाजी म्हणाले आणि खुर्ची ओढून टेबलाजवळच आले.

शोध कुठून सुरू केलास, असं मी पोराला विचारलं. अशा डिरेक्टरीत शोधायच्या तीन तऱ्हा असतात: नेमकी तेवढीच नोंद पाहायची, तिच्या खालची एक पायरी पाहायची, नाहीतर खालपर्यंतची सगळी झाडोरी, म्हणजे सबट्री, पिंजून काढायची. हे साहेब एका पायरीवर थांबले होते. "सबट्री लाव ना बाबा," म्हटलं. लावली. तरी माझा पत्ता नाही. सापडले कोण? 'टेस्ट', 'टेस्ट वन', बदलून गेलेला कारकून, आणि आमचा शिपाई. तो वारला, आम्ही सगळे मातीला गेलो होतो, पण त्याचं खातं चालू. देवमाणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मेलेल्याला दार उघडं आणि जिवंत माणसानं उभं राहून ओळख पटवायची, हा कुठला न्याय?

"बापाच्या नावानं पाहा नं," काकाजी म्हणाले.

पोरगं हसलं. "काका, हे सातबाऱ्यासारखं नसतं."

"पाह्यल्यानं काय जाते तुहं?"

त्यानं पाहिलं, आणि मी सापडलो! आमच्याकडच्या याद्या आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमानं असतात. तिथल्या रकान्यांत आधी नाव, शेवटी आडनाव. कुणीतरी आमची यादी उचलून जशीच्या तशी चिकटवली होती. बाबांनी जन्मात कॅल्क्युलेटरला हात लावला नाही, आणि संस्थेच्या सर्व्हरवर आडनावाच्या जागी ते ऐटीत बसलेले. तीन नावं जोडून केलेलं लॉगिन वीस अक्षरांच्या वर चालत नाही, म्हणून त्यांचंच शेपूट छाटलेलं.

मला वाटलं काकाजी मिशीला पीळ देतील. ते नुसतेच म्हणाले, "माह्यं वावर अजून बुढ्याच्याच नावानं हाये. बुढा जाऊन लय वर्सं झाले. दर वख्ती नवा कागद मांगतेत."

मग ग्रुपाची भानगड. मी 'कर्मचारी' ग्रुपात होतो. आता तो ग्रुप आणखी कोणत्या ग्रुपाच्या पोटात आहे, हे साध्या यादीत दिसत नाही. पोटातलं पोट शोधायला एक लांबलचक आकडा घालावा लागतो, आणि टाईप करताना मोठ्यानं म्हणायची त्या पोराला खोड. "एक पॉइंट दोन पॉइंट आठशे चाळीस..." असं करत गाडी 1.2.840.113556.1.4.1941 पर्यंत पोचली.

काकाजी कान देऊन ऐकत होते. "हा कोनत्या शिवारातला गट नंबर हाये जी? येवढे पोटहिस्से?"

मार्कांचं फोल्डर परीक्षेच्या ग्रुपाला उघडणार, आणि त्या ग्रुपात मी कुठूनच येत नव्हतो. त्यानं मला घातलं. फोल्डर उघडेना. "सर, लॉगआउट करून परत या. कोण कोणत्या ग्रुपात, हे लॉगिन करतानाच ठरतं."

"फेरफार झाला, पन सातबारा नवा काढा लागते," काकाजींनी मला समजावलं. पोरानं एवढ्या सरळ भाषेत सांगितलं असतं तर माझा बीपी जागेवर राहिला असता.

फोल्डर उघडलं. मार्क भरले, सेव्ह केलं. 'परवानगी नाही.' ग्रुपाला फक्त वाचायचा हक्क. लिहायचा हक्क थेट एकाच खात्याला दिलेला, निवृत्त प्राचार्यांच्या. ते आता वरुडकडे संत्र्याचा बगीचा पाहतात.

"बदलून दे ना रे."

"प्राचार्यांच्या खात्यावरून मेल हवा, सर."

"नव्या सरांचं खातं?"

"ते अजून बनलं नाही."

खुर्ची मागं सरकवत काकाजी पुन्हा बाकावर जाऊन टेकले. "मंग वरुडवाल्याले बोलवा नं. मी बसतो."