पाचर कुणी ठोकली?

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत, बजाजनगरच्या कट्ट्यावर परवा शेठनं विषय काढला तो गाडीवरच्या हेल्मेटचा. "उन्हात डोकं शिजायलंय अन् चौकात अडवायलेत. कारखान्यात गेलं की तिथं वेगळंच. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख, बूट, रजिस्टर, सह्या, वर सेफ्टीचं भाषण देताना फोटो. 14 माणसांचं माझं शॉप. माल काढू का फायली भरू?"

शेठचं वाळूजमध्ये छोटं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा साच्यात (डायमध्ये) दाबून आकार देणाऱ्या मशीनचं; मोठ्या कंपन्यांना गाड्यांचे सुटे भाग करून देतो. सणाला पोरांना न मागता उचल देणारा माणूस. त्याचं म्हणणं उडवून लावावं असं नव्हतंच. दत्ता एका प्लांटमध्ये सेफ्टीला आहे, तोसुद्धा म्हणाला, "फोटोचं खरं आहे शेठ. ऑडिटला फोटो लागतो. पोरांना काय कळलं ते कुणी विचारत नाही."

तेवढ्यानं शेठला जोर आला. "आपले आजे-पणजे कुठं नियम वाचत बसले होते? जगलेच की."

नाना औशाकडचे, आता लेकाकडं राहतात. ते एरवी ऐकत बसतात, पण हे त्यांना लागलं. "किल्लारीला जे गेले, ते आज्या-पणज्याच्या घरातच गेले," ते म्हणाले. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटे चार वाजायच्या आत. दगडाच्या जाड भिंती, सांध्यात नुसती माती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवद गळू नये म्हणून दरसाल पांढरी माती टाकायची, थरावर थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं, आणि त्या रात्री तेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आणि चारी भिंतींना बांधून धरणारा आडवा पट्टा, एवढ्यानंही भिंती पुष्कळ तग धरतात. "तवा हे सांगायला कुणी आलं असतं, तर आम्हीच म्हणलो असतो, कशाला खर्चात घालायलाव," नाना म्हणाले.

शेठ थोडा नरमला, पण हटला नाही. घराचं वेगळं, धंद्याचं वेगळं, म्हणाला. दत्तानं मग आपल्याच वाळूजची आग काढली. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे हातमोज्यांचा कारखाना पेटला, आत झोपलेले 6 कामगार गेले. ती माणसं पोटासाठी आली होती, कारखान्यातच राहायची. कामाच्या जागी झोपायचं नाही, बाहेर पडायला दुसरी वाट पाहिजे, हे नियम कुणाला जाचक वाटत असतील तर त्यानं त्या घरच्यांसमोर जाऊन तसं म्हणून दाखवावं. हे मी रागानंच बोललो. आजही तेच बोलेन.

सय्यदभाई तोवर गप्प होते. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं नाहीत. कपसुद्धा ते अंगठा आणि मधल्या बोटात धरतात. प्रेसवर गेलेलं बोट आहे ते, शेठच्या नव्हे, दुसरीकडच्या. नुकसानभरपाईच्या कायद्यात प्रत्येक बोटाचा हिशेब लिहिलेला आहे: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरतात, पूर्ण तर्जनीला 14 टक्के, दोन पेरांना 11.

"माझ्या प्रेसला दोन बटणं होती," सय्यदभाई म्हणाले. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाहीत. फार साधी, फार चांगली सोय. "एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. एका हातानं पत्रा सारायचा, दुसऱ्या हातानं बटण."

"मग पाचर कुणी ठोकली? तुम्हीच ना?" शेठनं विचारलं.

"मीच ठोकली. नसती ठोकली तर टार्गेट झालं नसतं, अन् दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं असतं."

माझ्या मते सगळा वाद इथं येऊन थांबतो. समजा एक हात मोकळा ठेवून 4 सेकंदांत पीस निघतो आणि दोन्ही बटणं दाबून 5 सेकंदांत. तासाला 900 चे 720 होतात. टार्गेट लिहिणाऱ्यानं 900 लिहिले तेव्हाच पाचर ठोकली गेली, सय्यदभाईंनी नंतर फक्त हात लावला. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम'चा फलक, रजिस्टरवर सही आणि टार्गेट मात्र बटण एकच धरून काढलेलं. असा नियम कामगाराला वाचवत नाही, उलट अपघात झाला की दोष त्याच्या माथी मारायची सोय करून ठेवतो.

शेतातही हेच चालू आहे. सोयाबीनच्या दिवसांत हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, या गावाहून त्या गावाला पळतो, पैसे पोत्यावर. काड ओली असली की तोंडाशी अडकते, मग आत ढकलायला हात जातो. हात ड्रमपर्यंत पोचूच नये म्हणून काड टाकायची लांब, वरून झाकलेली घसरण लागते. धोकादायक यंत्रांचा कायदा 1983 चा आहे, खास मळणीयंत्रांसाठी केलेला. आमच्या शिवारात तो कुणी ऐकलेलाही नाही. कुणाचा पदर अडकतो, कुणाचा हात जातो, आणि गाव नशिबाला बोल लावतं. ऊसतोडीत तर दुखण्यानं एक दिवस बसलं तरी खाड्याचे पैसे कापतात. नियम जास्त झालेत असं म्हणणाऱ्यानं एकदा फडावर जाऊन यावं.

"पण मी काय करू?" शेठ म्हणाला, आणि हा प्रश्न खरा होता. "मी कोटेशनमध्ये 720 धरले तर ऑर्डर शेजारच्या शॉपला जायली."

म्हणूनच तर कायदा लागतो, दत्ता म्हणाला. एकट्यानं पाळला तर तो बुडतो, सगळ्यांना पाळावा लागला तर कुणीच बुडत नाही. पण कायद्याची पकड सैल होत चाललीय हेही त्यानंच सांगितलं. 1948 च्या मूळ कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की तो कारखाना धरायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत त्यासाठी 20 लागतात.

"म्हणजे माझं शॉप आता कारखानाच नाही?" शेठनं विचारलं.

"प्रेस तर तीच आहे ना, शेठ," सय्यदभाई म्हणाले.

शेठ यावर काही बोलला नाही. मग दत्तानं एक गोष्ट ठरवली. त्याच्या कंपनीचं वेंडर ऑडिट असतं, म्हणजे माल पुरवणाऱ्या शॉपची तपासणी, त्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला तो साहेबांना सांगणार आहे: पीसची वेळ मोजली तेव्हा दोन्ही बटणं चालू होती का? शेठ म्हणाला, टाक, पण त्याच बैठकीत रेटही वाढवायला सांग. मी शेठच्या बाजूनं आहे. रेट तोच ठेवून नुसता रकाना वाढवला, तर शेठला आणखी एका जागी सही करावी लागेल, आणि शॉपमध्ये तासाला 900 च काढावे लागतील.