डाळ शिजली नाही, चटणी बिघडली, खिचडी खारट झाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्रेकच्या शिध्यावरच्या माझ्या लेखातली यादी घेऊन तुम्ही दोघांनी मार्चमध्ये रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून, असा तीन दिवसांचा ट्रेक केलात आणि चार तक्रारी लिहिल्यात. अर्धा किलो मसाले वाहणं म्हणजे निव्वळ चोचले. आमटीची डाळ तासभर उकळूनही कचकचीत राहिली. लसूण-खोबऱ्याची चटणी तिसऱ्या दिवशी वास मारू लागली. खिचडी खारट झाली. यातली पहिली तक्रार मला मान्य नाही. डाळ आणि मीठ या दोन्हींत चूक माझ्या लिहिण्यातली आहे. चटणीचं कारण वेगळं आहे.

आधी वजन. दोघांच्या पाच शिजवलेल्या जेवणांसाठी यादीत तूप 80 ग्रॅम, दाण्याचं कूट 80, मेतकूट 60, चटणी 60 आणि गूळ 40 होता. हे झाले 320 ग्रॅम, आणि हे सगळं पोटात जाणारं अन्न आहे. तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, तांदळाच्या साधारण साडेतीन. म्हणजे 80 ग्रॅम तूप हे 200 ग्रॅम तांदळाचं काम करतं, तेही गॅस न जाळता. खरे मसाले म्हणायचे तर मीठ 40 ग्रॅम, तिखट-हळद-धनेजिरे मिळून 25, गोडा मसाला 15, आमसुलं 15, हिंग 3. शंभर ग्रॅमही भरत नाहीत. उन्हात दिवसभर चालल्यावर दुसऱ्या संध्याकाळी तोंडाची चव जाते आणि अळणी, एकसुरी खिचडी अर्धी ताटात राहते. ते उरलेलं अन्न तुम्ही फुकट वाहिलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशीचा चढ रिकाम्या पोटी चढायचा असतो. त्यासाठी शंभर ग्रॅम वाहायला माझी मुळीच हरकत नाही.

आता डाळ. तुम्ही लिहिलंय की तूरडाळ, आमसुलं, गूळ, मसाला सगळं एकदमच टोपात घातलं. मी लेखात क्रम दिलाच नव्हता, त्यामुळे दोष माझा. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटपणामुळे विरघळत नाही, आणि मग कितीही उकळा, दाणा आतून कडकच राहतो. त्यात हरिश्चंद्रगड 1424 मीटर. दर 300 मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण 1 अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसताना हे 5 अंश चांगलेच जाणवतात.

मुक्कामाच्या दोन तास आधी, शेवटच्या पाणवठ्यावर, रुंद तोंडाच्या बाटलीत डाळ भिजत घाला. उन्हात यापेक्षा जास्त वेळ नको, आंबते. पोचल्यावर हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून झाकण ठेवून शिजवा. दाणा दोन बोटांत चिरडून बघा. आत पांढरी कणी लागली तर अजून थांबा. कणी गेली की मगच माणशी दोन आमसुलं, गूळ आणि गोडा मसाला घाला. पाच मिनिटं उकळी पुरते. तूर नकोच असेल तर मूगडाळ न्या, निम्म्या वेळात होते. ॲल्युमिनियमच्या टोपात आंबट आमटी रात्रभर मात्र ठेवू नका.

चटणीबद्दल तुम्ही 'खवट' हा शब्द वापरलाय, पण वर्णन केलंय आंबूस वासाचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोबऱ्यातलं तेल हवा, ऊन आणि उजेड लागून बिघडलं की चटणी खवट होते. नीट भाजलेल्या ताज्या खोबऱ्याचं असं तीन दिवसांत होत नाही. झालंच तर खोबऱ्याची वाटी मुळातच जुनी होती, किसण्याआधी वास घेऊन बघायची. आंबूस वास येतो तो ओलाव्याने. तुमच्या चटणीत लसूण कच्चा होता, चटणी कोमट असतानाच डब्यात भरली होती, आणि खिचडीतला चमचा तसाच डब्यात जात होता. यातलं एकही कारण पुरेसं असतं.

वाटीभर किसलेल्या सुक्या खोबऱ्याला 12-15 लसूण पाकळ्या, 2 चमचे तिखट, 2 चमचे तीळ, 1 सपाट चहाचा चमचा मीठ. लसणाचे पातळ काप थेंबभर तेलात मंद आचेवर परता. काप बोटांत कडकन मोडला पाहिजे, वाकला तर आत पाणी आहे. खोबरं वेगळं, बदामी होईपर्यंत, तीळ वेगळे. सगळं ताटात पसरून पूर्ण गार करा. मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. मग एका जेवणाला एक, अशा 15-15 ग्रॅमच्या पुड्या बांधा. पुडी फोडली की संपली, चमच्याचा प्रश्नच येत नाही.

हे लिहितोय तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फोडणीचं तेल घरून करून नेत असाल तर त्यात कच्चा लसूण बुडवून ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. मोहरी, हिंग आणि कुरकुरीत होईपर्यंत तळलेला कढीपत्ता चालतो.

मीठ. 'माणशी एक चमचा' असं लिहिलं होतं, पण कुठला चमचा ते लिहिलं नव्हतं. तुम्ही पोह्यांचा चमचा शिगोशीग घेतलात, म्हणजे दुपटीहूनही जास्त मीठ. माणशी 100 ग्रॅम डाळतांदळाला 4 ग्रॅम मीठ लागतं. चटणी किंवा मेतकूट कालवणार असाल तर 3. आमसुलं मिठातली असतात, तेही धरा. घरीच वजन करून दर जेवणाची पुडी वेगळी बांधलेली बरी.

आणि खिचडी खारट झालीच तर गुळाने किंवा आमसुलाने मीठ कमी होत नाही, फार तर लपतं. कपभर गरम पाणी ओता, दोन मुठी जाडे पोहे आणि बिनमिठाचं दाण्याचं कूट घालून पाच मिनिटं झाकून ठेवा. पापड त्या रात्री पाकिटातच राहू द्या.