तारखा वाटायच्या की हंगाम घडवायचा?

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करून वापरायचं, हा वाद २०१८ पासून चालू आहे. महापालिकेने तेव्हा पुनर्विकासाची घोषणा केली आणि बघता बघता कलाकारांतच दोन तट पडले. एकाच्या जागी लहानमोठी तीन नाट्यगृहं मिळतील, प्रशस्त पार्किंग मिळेल, असं एक बाजू म्हणते. या वास्तूत आमची हयात गेली, तिला हात लावू देणार नाही, असं दुसरी म्हणते. मी न्यू जर्सीत राहते. तिकडच्या नाटकवाल्या मित्रमंडळींशी फोनवर हाच विषय निघतो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. गाड्या किती मावतील आणि खुर्च्या किती बसतील यावर आपण तावातावाने बोलतो. त्या खुर्च्यांसमोर वर्षभर काय होणार, ते कोणासाठी असणार आणि कोण ठरवणार, याबद्दल मात्र चकार शब्द निघत नाही.

हे इतकं प्रकर्षाने जाणवतं याचं कारण इथे हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये दर उन्हाळ्यात दिसणारं चित्र. मॅनहॅटनमधल्या लिंकन सेंटर या कलासंकुलात २०२२ पासून ‘समर फॉर द सिटी’ नावाचा हंगाम होतो. जून ते ऑगस्ट शेकडो कार्यक्रम असतात, त्यातले बहुतेक मोफत. ज्यांना तिकीट असतं त्यांतही बऱ्याच ठिकाणी ‘परवडेल तेवढे द्या’ अशी सोय. वाद्यवृंदाच्या मैफलीला पाच डॉलर देऊनही आत जाता येतं. ऑपेरा, बॅले आणि फिलहार्मोनिक या शहराच्या नामांकित वाद्यवृंदाचं हे घर. एरवी इथल्या चांगल्या जागेच्या तिकिटात घरचा आठवड्याचा किराणा येईल.

मधल्या कारंज्याच्या चौकात नाचाची फरशी घालतात आणि वर आरशांच्या तुकड्यांचा भलामोठा गोळा टांगतात. संध्याकाळी वादक येण्याआधी एक शिक्षिका माइक लावून उभी राहते आणि पावलं शिकवते. साल्सा असेल तर साल्सा, स्विंग असेल तर स्विंग. पुढच्या रांगेत हमखास सत्तरीतली जोडपी असतात. ती इथे १९८९ पासून होणाऱ्या उन्हाळी नाचाच्या संध्याकाळींचे जुने भिडू. त्यांच्या मागे ऑफिसची बॅग खांद्याला लावूनच आलेली पोरंपोरी, त्यांच्या मागे बाबागाडी कडेला लावून उभे असलेले आईबाप. शिक्षिका ‘उजवा पाय मागे’ म्हणते आणि निम्मी गर्दी डावा टाकते. कोणी हसत नाही. अर्ध्या तासात बँड सुरू होतो तेव्हा ही सगळी अनोळखी माणसं एका ठेक्यावर असतात. सबवेच्या सहासष्टाव्या रस्त्याच्या स्टेशनातून घरी निघालेला माणूस आवाज ऐकून वळतो आणि थांबतो. त्याला कोणी तिकीट विचारत नाही, पिशवी घेऊन आत का आलात असंही विचारत नाही.

पहिल्या वर्षी, २०२२ मध्ये, याच आवारात एक सामुदायिक विवाहसोहळा झाला. कोविडमुळे ज्यांची लग्नं रद्द झाली किंवा चार माणसांत उरकावी लागली, अशी शेकडो जोडपी नटूनथटून आली होती. हा कार्यक्रम कोणाला तरी सुचला, तो करण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे होता आणि हाताशी पैसा होता. मला मुद्दा मांडायचा आहे तो इथेच. लिंकन सेंटरमध्ये कलाविषयक निर्णय घेणारं माणूस नेमलेलं असतं. हंगाम कसा असावा, कोणाला बोलवावं, कुठल्या वस्तीतले लोक अजून इथे येत नाहीत, याचा विचार करणं हे त्या माणसाचं रोजचं काम आहे आणि त्याचा त्याला पगार मिळतो.

आपल्याकडे महापालिकेच्या नाट्यगृहाला व्यवस्थापक असतो. तो तारखा वाटतो. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्माते आणि संस्था झगडतात. आठवड्यातल्या मधल्या दिवशी लावण्यांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, शाळांची स्नेहसंमेलनं आणि सत्कार. एखाद्या पक्षाचा मेळावा आला की ठरलेल्या प्रयोगाची तारीख कापली जाते, ही तर नाटकवाल्यांची जुनी तक्रार. व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही. भाडं वसूल करा आणि हॉल झाडून घ्या, एवढंच काम आपण त्याच्याकडे दिलं आहे. नाट्यगृहाने स्वतःहून काही करावं, अशी अपेक्षा त्याच्याकडून कधी कोणी केलेलीच नाही.

‘अमेरिकेत बसून सल्ले देणं सोपं आहे, तिकडे पैसा आहे,’ हे मला नेहमी ऐकावं लागतं. तिकडे पैसा आहे, हे खरंच. पण तो कसा येतो तेही पाहायला हवं. लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिकच्या सभागृहाला १९७३ पासून एव्हरी फिशर या उद्योजकाचं नाव होतं. २०१५ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी १० कोटी डॉलर दिले आणि सभागृहाला त्यांचं नाव लागलं. त्याआधी फिशर कुटुंबाने नावावरचा हक्क सोडावा म्हणून त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागले. आपल्याकडे हे व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. बालगंधर्वांचं नाव पैशापायी पुसलं जाण्याची कल्पनासुद्धा सहन होत नाही. मुंबईत २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, त्यातलं मोठं थिएटर २००० आसनांचं आहे. तिथली यंत्रणा अव्वल आहे, पण मराठी नाटकाचा नेहमीचा प्रेक्षक तिथे रोज जाऊ शकणार नाही. महापालिकेच्या नाट्यगृहांचं भाडं आवाक्यात राहिलं म्हणून आपली व्यावसायिक रंगभूमी टिकली. ही नाट्यगृहं करदात्यांची आहेत, आणि म्हणूनच त्यांनी शहराला भाड्याच्या हिशेबापलीकडे काही द्यायला हवं.

लिंकन सेंटरचं सगळंच गोड मानून घ्यायचंही कारण नाही. आज जिथे आरशांचा गोळा लटकतो, तिथे आणि त्याच्या आजूबाजूला सॅन वान हिल नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन कष्टकऱ्यांची वस्ती. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक तिथेच वाढला. १९५०च्या दशकात शहराने ती ‘झोपडपट्टी निर्मूलना’च्या नावाखाली ताब्यात घेतली, ७००० हून अधिक कुटुंबं आणि ८०० च्या आसपास दुकानं-धंदे उठवले, आणि १९५९ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते नव्या संकुलाची कुदळ पडली. संकुल उभं राहिलं ते पश्चिमेकडे भिंत करून. त्या बाजूला अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूपलीकडे सरकारी घरांची वसाहत आहे. तिथल्या मुलांना साठ वर्षं या कलामंदिराची पाठच दिसत राहिली. ती बाजू उघडायची योजना आता कुठे हाती घेतली आहे. २०२२ मध्ये नूतनीकरण झालेलं गेफेन सभागृह उघडलं तेव्हा पहिला कार्यक्रम याच वस्तीच्या इतिहासावरच्या संगीतरचनेचा ठेवला होता. उठवलेली माणसं त्याने परत येत नाहीत. पण आपण कोणाच्या जागेवर उभे आहोत हे जाहीरपणे म्हणायला धैर्य लागतं, आणि मोफत उन्हाळ्याचं मूळ मला या कबुलीत दिसतं.

त्या सभागृहाची आणखी एक गोष्ट पुणेकरांनी जरूर ऐकावी. ते सुरू झालं २३ सप्टेंबर १९६२ रोजी. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ८ ऑक्टोबरला, पुण्यात खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते रंगमंदिराची कोनशिला बसली. पुढे २६ जून १९६८ ला ते खुलं झालं, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी जीव ओतला होता. म्हणजे दोन्ही वास्तू एकाच पिढीच्या. न्यूयॉर्कच्या सभागृहाचा ध्वनी पहिल्या दिवसापासून फसलेला होता. वादकांना एकमेकांचे सूर नीट ऐकू येत नसत. पण पाडून टाकण्याऐवजी त्यांनी १९७६ मध्ये आतलं सगळं उपसून नवं केलं, आणि कोविडच्या बंद काळाचा फायदा घेऊन २०२२ पर्यंत पुन्हा एकदा केलं. दुसऱ्या वेळी ५५ कोटी डॉलर खर्च झाले. बाहेरचा सांगाडा दोन्ही वेळा तोच राहिला. आतमध्ये खुर्च्या सुमारे २७०० वरून २२०० वर आणल्या. रंगमंच पुढे सरकवला, प्रेक्षक त्याच्या चारही बाजूंना बसवले, स्वच्छतागृहं वाढवली.

खुर्च्या कमी केल्या, हे मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे पुनर्विकास म्हटलं की सगळं वाढवायचं असतं.

त्याच इमारतीच्या तळमजल्यावरची लॉबी आता दिवसभर उघडी असते. तिथे भिंतभर लांबीचा पडदा आहे, आणि वर सभागृहात मैफल चालू असताना बऱ्याचदा ती खाली त्या पडद्यावर थेट दिसते. कॉफी घ्यावी लागत नाही, तिकीट दाखवावं लागत नाही. तिथे मी एका आजोबांना पाहिलं. मांडीवर स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक उघडून ते पडद्यावरच्या वाद्यवृंदाबरोबर पानं उलटत होते. दोन खुर्च्या सोडून एक डिलिव्हरीवाला मुलगा हेल्मेट काढून पाय मोकळे करत बसला होता. मध्येच त्याने मान वर करून पाहिलं, आणि मग पाहतच राहिला. बालगंधर्वच्या आवारातला कट्टा, चित्रप्रदर्शनाचं दालन, तिकीट खिडकीपुढची मोकळी जागा मला त्या वेळी हटकून आठवली. तिथे माणसं आजही टेकतात. त्यांच्यासाठी नाट्यगृह काही करत नाही, एवढंच.

गोव्याच्या कला अकादमीबद्दलही हेच बोलायला हवं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ती वास्तू अशी रचली की रस्त्यावरून येणारा माणूस सावलीतून चालत चालत थेट मांडवीकाठी पोहोचावा. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, आणि नंतर वास्तू उघडली तरी ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल कलाकारांच्या तक्रारी संपल्या नाहीत. आणि कोल्हापूर! शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं, पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं गेलेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते. ते दृश्य मी इथून पाहिलं आणि दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. वास्तूवर जीव असणं काय असतं ते कोल्हापूरकरांना कोणी शिकवायला नको. पण हा जीव वास्तू जळल्यावर, पडल्यावर किंवा पाडायची नोटीस निघाल्यावरच का दिसावा?

इथल्या उन्हाळ्याबद्दल जाणकारांची एक तक्रार आहे, आणि ती मला पटते. लिंकन सेंटरमध्ये १९६६ पासून उन्हाळ्यात मोझार्टला वाहिलेला महोत्सव होत असे. २०२३ नंतर त्याचं नाव गेलं, वाद्यवृंद नव्या नावाने उन्हाळी हंगामाचा एक भाग झाला. त्याआधी २०१७ मध्ये जगभरातली नाटकं आणि ऑपेरा आणणारा मोठा उन्हाळी महोत्सव बंद झाला होता. चौकात नाच आला आणि आत शांत बसून तीन तास ऐकायचं काही राहिलं नाही, असं जुने श्रोते म्हणतात. दारं उघडताना आतला कस कमी करायची गरज नव्हती. दोन्ही एकाच संकुलात मावलं असतं. आपल्याकडे याची उलटी बाजू दिसते. बालगंधर्वमध्ये लावणीचे कार्यक्रम होतात म्हणून नाकं मुरडणारे रसिक मला पुण्यात भेटले आहेत. लावणीला शिट्टी मारणारा माणूससुद्धा त्या नाट्यगृहाचा मालक आहे. त्याला संगीत नाटकाच्या एखाद्या पदापर्यंत आणायचं असेल तर आधी त्याचा मान राखावा लागेल.

उन्हाळी हंगाम आपल्याला परकाही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. ऐन एप्रिल-मेमध्ये लोक संध्याकाळी व्याख्यानाला जाऊन बसत आले आहेत. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून परतल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी मुंबईत बालनाट्याची चळवळ उभी केली. मे महिन्याची सुट्टी म्हणजे बालनाट्य, हे समीकरण नंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी अनुभवलं. ते माझ्याही वाट्याला आलं. आज सुट्टीत मुलं मॉलमध्ये जातात, कारण तिथे थंडावा आहे आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे. वातानुकूलन बंद म्हणून घामाघूम होत प्रयोग करावा लागल्याच्या तक्रारी नामवंत नट जाहीरपणे करत आले आहेत. तेव्हा आधी ते दुरुस्त झालंच पाहिजे. त्यासाठी इमारत पाडावी लागत नाही.

माझं म्हणणं असं की बालगंधर्वचा वाद मिटेपर्यंत थांबूच नये. महापालिकेने रंगभूमी जाणणाऱ्या एका व्यक्तीला तीन वर्षांसाठी नेमावं. मानद समिती नको, पगारी नेमणूक हवी. दर शनिवार-रविवारचं एक सत्र नाट्यगृहाच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवावं आणि ती तारीख कुठल्याही मेळाव्यासाठी कापली जाणार नाही असा ठराव करावा. एप्रिल-मेमध्ये आवारातच संध्याकाळी मोफत कार्यक्रम ठेवावेत. एक दिवस भारूड, एक दिवस महापालिकेच्या शाळांमधल्या मुलांचं बालनाट्य, एक दिवस लावणीच्या कलावतींकडून अदाकारीचे धडे, जमलेल्या सगळ्यांसाठी. इथे न्यूयॉर्कला जून ते ऑगस्ट हवा साथ देते. पुण्यात पाऊस येण्याआधीचे सात-आठ आठवडे हाताशी असतात, म्हणजे कलाकारांच्या तारखा डिसेंबरातच घ्याव्या लागतील आणि खर्चाची तरतूद आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात करावी लागेल.