स्मृती दिली म्हणून एजंट जुना सहकारी होत नाही

सध्या एक दावा प्रोग्रामर मंडळींमध्ये जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा: कोडिंग करणाऱ्या एआय एजंटला, म्हणजे स्वतः फाइली वाचून कोड लिहिणाऱ्या साधनाला, कायमची स्मृती द्या. मग तो रोज शिकत जाईल, एकदा केलेली चूक पुन्हा करणार नाही, काही महिन्यांत टीममधल्या जुन्या माणसाइतका प्रकल्प जाणेल आणि डॉक्युमेंटेशन लिहायची कटकट संपेल. ओळखीच्या टीम हे खरं धरून कामाची पद्धत बदलताना दिसल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मूळ तक्रार रास्त आहे. रोज नवं सेशन उघडलं की नवा गडी, नवं राज्य. तारखा यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवायच्या, अमुक फोल्डरमधला कोड आपोआप तयार होतो, त्याला हात लावायचा नाही, हे काल तासभर सांगितलेलं आज पुन्हा सांगावं लागतं. त्यामुळे स्मृती हवीच, मीही ती रोज वापरतो.

पण ‘तो शिकतो’ हे खरं नाही. सेशन संपल्यावर एजंटमागच्या भाषा मॉडेलच्या आत काहीच बदललेलं नसतं. बदलते ती बाहेरची एक नोंद. क्लॉड कोड हा एजंट सुरू होताना प्रकल्पातली ‘क्लॉड डॉट एमडी’ फाइल वाचतो, इतर अनेक एजंट ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात. काही साधनं स्वतःच टिपणं काढून साठवतात आणि पुढे त्यातली जुळणारी शोधून आणतात. प्रकार कुठलाही असो, तुमच्या प्रश्नाआधी मॉडेलच्या हाती एक चिठ्ठी दिली जाते, इतकंच. शिवाय चिठ्ठीत लिहिलेलं पाळलं जाईलच असं नाही. जो नियम मोडून चालणारच नाही, तो टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांमध्ये), लिंटरमध्ये (कोडमधले नियमभंग पकडणाऱ्या साधनात) किंवा एजंटच्या परवानग्यांमध्ये बसवावा लागतो.

‘चूक पुन्हा होणार नाही’ यावर आमचाच अनुभव सांगतो. एका आठवड्यात पेमेंट गेटवेचा चाचणीचा सर्व्हर सारखा बंद पडत होता. आमच्या एका सहकाऱ्यानं एजंटला सांगितलं, “हे टेस्ट सध्या सोडून दे.” एजंटनं नोंद केली: ‘पेमेंटचे टेस्ट अस्थिर आहेत, फेल झाले तरी दुर्लक्ष करावे.’ ‘सध्या’ हा शब्द गळला. दीड महिन्यानं परताव्याच्या हिशेबात बदल करताना दोन टेस्ट अगदी योग्य कारणानं फेल झाले. एजंटनं सारांशात लिहिलं, ‘हे आधीपासूनच अस्थिर आहेत’, आणि पुढे गेला. रिव्ह्यू करणाऱ्यानं विश्वास ठेवला. सर्व्हर बंद पडत होता त्या आठवड्यात सीआयमधली (प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतली) त्या टेस्टची अट आम्हीच सैल केली होती आणि परत घट्ट करायची राहून गेली होती, हा दोष आमचा. काही ग्राहकांना परतावा एक रुपया कमी गेला.

कोऱ्या पाटीनं आलेल्या एजंटनं फेल झालेली टेस्ट पाहून निदान कारण तरी शोधलं असतं. आमच्या एजंटला जुनं आठवत होतं, म्हणून त्यानं शोधलं नाही. नोंदीला तारीख नव्हती, कारण नव्हतं, आणि ती कधी काढायची हेही लिहिलेलं नव्हतं. कोड बदलला की त्याबद्दलची नोंद आपोआप बदलत नाही, आणि मॉडेल मात्र ती आजचीच समजून वाचतं.

‘जितकं जास्त साठवाल तितकं चांगलं’ हेही टिकत नाही. लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेलना जास्त नीट सापडते, मधली निसटते, असं स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं होतं. मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकतं ती मर्यादा आता लाखो टोकनांवर (शब्दांच्या तुकड्यांवर) गेली आहे, पण तेवढं मावतं म्हणजे तेवढं नीट वापरलं जातं असं नाही.

डॉक्युमेंटेशनच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त हरकत आहे. प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे, तो असाच का आहे याची प्रोग्रामरच्या मनातली समज, आणि ती कागदावर पूर्ण उतरत नाही, असं पीटर नौर यांनी १९८५ साली मांडलं होतं. कागदावर उतरतो तेवढा भाग तरी माणसांना दिसायला हवा. एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या एजंटची खासगी टिपणं बाकीच्यांना दिसत नाहीत. निर्णयाचं कारण कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबत साठवल्या जाणाऱ्या टिपणात) लिहिलं, तर उद्या आलेला माणूसही वाचतो आणि एजंटही.

त्या दाव्यात सुरक्षेचा तर उल्लेखच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये योहान रेहबर्गर या सुरक्षा संशोधकानं चॅटजीपीटीच्या मॅक अॅपबाबत दाखवून दिलं, की एखाद्या वेबपानातली छुपी सूचना स्मृतीत शिरू शकत होती आणि पुढचं सगळं संभाषण बाहेर पाठवत राहू शकत होती. कोडिंग एजंट तर अनोळखी पॅकेजच्या रीडमी (माहितीच्या) फाइली आणि कुणीही टाकलेले इश्यू (तक्रारींच्या नोंदी) वाचतो. स्मृती नसेल तर अशी सूचना बहुधा सेशनसोबत संपते. स्मृतीत गेली तर उद्याही तिथंच असते.

आता आमची नोंदींची फाइल रेपोमध्येच, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक साठ्यातच असते. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि कारण, तात्पुरती असेल तर काढायचा दिवस. एजंट नवी नोंद सुचवू शकतो, पण ती पुल रिक्वेस्टमधून (तपासणीसाठी मांडलेल्या बदलातून) येते आणि मर्ज, म्हणजे ती मुख्य कोडमध्ये सामील करण्याचं काम, माणूसच करतो. पेमेंटच्या टेस्टबद्दलची ती ओळ काढली, आणि सीआयमधली अटही त्याच दिवशी परत घट्ट केली.