‘पूर काय आज येतोय का?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: पंचगंगेला पूर पूर्वीपासून येतो, हवामान कायमच बदलत आलंय, हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, उद्याचा पाऊस सांगता येत नाही ते शंभर वर्षांचं काय सांगणार, आणि आपल्याला बुडवतं ते कर्नाटकातलं अलमट्टी धरण.

“पूर पूर्वीही येत होता.” येत होताच. १९८९ आणि २००५ चे पूर अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेत. पण याच भरवशावर २०१९ ला कितीतरी कुटुंबं ‘पाच साली इथं पाणी नव्हतं’ म्हणत घरातच थांबली आणि शेवटी त्यांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

बदललाय तो पावसाचा ढंग. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि ते थोड्या वेळात धो धो ओतते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की मान्सूनचे वारे कमजोर होत असतानाही मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या.

त्याहून नवी गोष्ट म्हणजे एखाद्या ठरावीक पावसात तापमानवाढीचा वाटा किती, हे आता काढता येतं. आजचं तापलेलं जग आणि न तापलेलं जग अशी दोन्ही संगणकावर मांडून, नोंदींशी ताडून पाहतात. जुलै २०२४ मध्ये केरळात वायनाडला दरडीखाली गावं गाडली गेली. त्या दिवशीचा पाऊस तापमानवाढीमुळं सुमारे १० टक्के जास्त जोराचा होता, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या गटानं महिन्याच्या आत मांडला. वायनाड आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत आहे. धरणं भरलेली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, नदी पात्राबाहेर, अशा वेळी वरचे १० टक्के कुणाच्या तरी माजघरात शिरतात आणि उसाच्या सुरळीत गाळ बसवून जातात.

“हवामान कायमच बदलत आलंय.” हो, पण आत्ताची वाढ सूर्यामुळं असती तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे यांच्या गणितातून १९६७ सालीच निघालं होतं. २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

०.०४ टक्क्यांचं म्हणाल, तर उरलेला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीची उष्णता अडवतच नाहीत; कार्बन डायऑक्साइड थोडा असूनही अडवतो. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत हे मोजलं होतं.

उद्याच्या पावसाचं उत्तर सोपं आहे. गगनबावड्यात परवा किती मिलिमीटर पडेल हे नेमकं सांगता येत नाही, पण मेपेक्षा जुलैत जास्त पडणार हे आपण सगळेच सांगतो.

राहता राहिलं अलमट्टी. त्याच्या उंचीवरचा वाद खरा आहे आणि तो लढायलाच हवा. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं कारण अलमट्टी नसल्याचं म्हटलं. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं. एका धरणाला जबाबदार धरलं की नदीकाठी टाकलेल्या भरावांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यांत घातक वाटतो.

पूर कुठवर येऊ शकतो हे दाखवणाऱ्या रेषा नकाशावर आखतात: निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा हिशेब मागच्या नोंदींवर बेततात, आणि पाऊस आता त्या नोंदींप्रमाणं पडत नाही. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा प्रत्येक पेठेतून एक तरी हरकत अशी जायला हवी: या रेषा कोणत्या वर्षांपर्यंतच्या पावसावर आखल्यात, आणि वाढत्या अतिवृष्टीचा हिशेब त्यात धरलाय का?