ड्रॅक्युलाच्या दातांआड लपलेला व्लाद

'खरा ड्रॅक्युला कोण होता?' अशा शीर्षकाचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. रक्तात पाव बुडवून खाणारा राजा, डोंगरावरचा भुताटकीचा किल्ला, वटवाघळं. लाखो लोक ते बघतात आणि तेच इतिहास म्हणून पुढे सांगतात. राहवत नाही म्हणून लिहितेय.

व्लाद तिसरा हा वालाकियाचा राजा. आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग म्हणजे हे वालाकिया, कार्पेथियन डोंगर आणि डॅन्यूब नदी यांच्या मधलं. वरून हंगेरी दाबणार, खालून ऑटोमन तुर्कांचा सुलतान. व्लादच्या वडिलांना १४३१ मध्ये 'ऑर्डर ऑफ द ड्रॅगन' या सरदारमंडळात घेतलं, म्हणून ते 'ड्रॅकुल' आणि त्यांचा मुलगा 'ड्रॅक्युला'. त्या नावात तेव्हा भुताखेतांचं काही नव्हतं. पुढे याच वडिलांनी व्लाद आणि धाकटा राडू या दोन मुलांना सुलतान मुरादकडे ओलीस ठेवलं. १४४७ मध्ये वडील मारले गेले, थोरला भाऊ मिर्चाही गेला. व्लाद तीनदा गादीवर आला, पण सलग राज्य केलं ते १४५६ ते १४६२ एवढंच.

मला सगळ्यात जास्त हादरवतं ते त्याचं स्वतःचं एक पत्र. ११ फेब्रुवारी १४६२ रोजी त्याने हंगेरीचा राजा मात्याश याला ते लिहिलं. त्या हिवाळ्यात त्याने डॅन्यूब ओलांडून ऑटोमन मुलखात जाळपोळ केली होती. पत्रात गावागणिक हिशेब आहे: इथे इतके मारले, तिथे इतके. बेरीज २३,८८४, तुर्क आणि बल्गेरियन मिळून. बाया, पुरुष, म्हातारे, पोरं. घरात जळून मेलेले आणि ज्यांची मुंडकी मोजायला अधिकाऱ्यांपुढे आली नाहीत, ते या आकड्यात धरलेले नाहीत, असंही तो नमूद करतो. लष्करी मोहिमेचा हा अहवाल आहे, मदत मागण्यासाठी लिहिलेला. आकडा फुगवलेला असेल, तरी असा हिशेब अभिमानाने लिहिणाऱ्या माणसाला राक्षस ठरवायला रक्त पिणाऱ्या सुळ्या दातांची गरज नाही.

त्याच वर्षी सुलतान मेहमेद दुसरा चालून आला. जूनमध्ये व्लादने रात्री त्याच्या छावणीवरच छापा घातला. सुलतान वाचला, आणि राजधानी तर्गोविश्तेजवळ त्याच्या फौजेला हजारो माणसं सुळावर चढवलेली दिसली, असं ग्रीक इतिहासकार खाल्कोकोंडिलिस लिहितो.

मग मात्याशनेच व्लादला कैद केलं. तुर्कांशी लढण्यासाठी मात्याशने पोपकडून पैसे घेतले होते आणि लढाई तर केली नव्हती. अशा वेळी व्लाद जितका क्रूर आणि दगाबाज दिसेल तितकं मात्याशच्या सोयीचं होतं. त्यात ब्राशोव आणि सिबियू या शेजारच्या शहरांतल्या जर्मनभाषक व्यापाऱ्यांचं व्लादशी जुनं वैर. त्याने त्यांच्यावरही हल्ले केले होते, त्यांची माणसं मारली होती. छपाईयंत्र नुकतंच आलेलं. जर्मन शहरांत व्लादच्या क्रौर्याच्या चोपड्या खपू लागल्या. १५०० सालच्या स्ट्रासबर्गच्या आवृत्तीवरचं चित्र प्रसिद्ध आहे: व्लाद टेबलाशी जेवतोय, बाजूला सुळांवर माणसं आणि समोर एक जण कुऱ्हाडीने प्रेतांचे तुकडे करतोय. प्रचार होता, मान्य. पण निव्वळ बनाव नव्हता.

या नावाला रक्त पिणारा व्हॅम्पायर चिकटला तो थेट १८९७ मध्ये, ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीतून. स्टोकर रोमानियाला कधी गेलाच नाही. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या वाचनालयात वालाकियावरचं एक जुनं पुस्तक चाळताना त्याला हे नाव सापडलं. तोवर त्याच्या टिपणांत खलनायकाचं नाव 'काउंट वॅम्पायर' होतं. सुळाची गोष्ट त्या कादंबरीत नाहीच.

दुसऱ्या टोकाला रोमानियातले राष्ट्रवादी. कवी एमिनेस्कूने भ्रष्ट लोकांचा निकाल लावायला व्लादलाच साद घातली. १९७६ मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने व्लादच्या मृत्यूची पाचशे वर्षं थाटात साजरी केली. कडक पण न्यायी राजा, परकीयांना नडणारा वीर. हे मला व्हॅम्पायरपेक्षाही जास्त खटकतं. व्हॅम्पायर निदान काल्पनिक असतो. इथे मात्र डॅन्यूबकाठच्या गावांतली ती बल्गेरियन माणसं शौर्याच्या खात्यावर जमा होतात. ती शेतकरी माणसं होती, ख्रिस्ती होती, सुलतानाच्या मुलखात राहत होती एवढाच त्यांचा दोष. सुलतान मोठा साम्राज्यवादी होता, व्लाद लहान राज्य वाचवत होता, हे खरंच आहे. त्याने त्या मेलेल्यांच्या बाबतीत काहीही बदलत नाही.

रोमानियाला जाणार असाल तर एक विनंती. 'ड्रॅक्युलाचा किल्ला' म्हणून दाखवतात तो ब्रान व्लादचा नव्हता, तो ब्राशोवच्या त्याच जर्मनभाषक लोकांनी बांधलेला. वेळ थोडा असेल तर बुखारेस्टहून तर्गोविश्तेला जा. तिथे त्याच्या दरबाराचे पडके अवशेष आहेत आणि चिंदिया बुरूज आहे. पाय धडधाकट असतील तर पोएनारीचा किल्लाही चढा, पायऱ्या हजाराच्या वर आहेत. तो खरोखर त्याचा होता.