शांतता कशाला लागते आणि कशाला लागत नाही

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला चार गटांतून आला. माहेरच्या गटात, ऑफिसच्या गटात, मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या गटात आणि शेवटी आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावरच्या फुगडी पथकाच्या गटात. मजकूर थोडक्यात असा:

"खरी कल्पना फक्त एकांतात सुचते. न्यूटन झाडाखाली एकटा बसला म्हणून त्याला गुरुत्वाकर्षण सापडलं. घरच्या गोंगाटात मेंदूचा उजवा, सर्जनशील भाग झोपून राहतो. म्हणून पहाटे चारला उठा, दोन तास काहीही न करता बसा, फोन बंद ठेवा. वर्षातून एक आठवडा गोव्यासारख्या शांत ठिकाणी जा. ज्याला स्वतःसाठी रोज दोन तास काढता येत नाहीत त्याने सर्जनशीलतेच्या गोष्टी करू नयेत."

पथकातल्या एका मुलीने त्याखाली लिहिलं, "मग आमच्यासारख्यांना कुठलं सुचायला!" ही मुलगी फुगडीची गाणी रचते, आणि फार चांगली रचते. घरात दोन लहान मुलं, अंथरुणावर सासरे, आणि सकाळी रायबंदरला जाणारी फेरीबोट चुकवून चालत नाही. तिला असं वाटावं याचा मला राग आला. म्हणून त्या संदेशातलं एकेक वाक्य घेऊन लिहिते आहे.

न्यूटनपासून सुरुवात करू. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं आणि तो वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला, हे खरं. तिथे त्याला निवांतपणा मिळाला, हेही खरं. पण तो रिकाम्या डोक्याने गेला नव्हता. गणिताचे आणि गतीचे प्रश्न त्याने आधीपासून वह्यांत मांडायला घेतले होते. सफरचंदाची गोष्ट त्याने म्हातारपणी सांगितली. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पूर्ण होऊन छापला गेला तो १६८७ मध्ये, म्हणजे वीसेक वर्षांनी. आणि त्या कामाला पुन्हा हात लागला तो एकांतामुळे नाही. १६८४ मध्ये एडमंड हॅली त्याच्याकडे गेला आणि ग्रहांच्या कक्षेबद्दल त्याने एक नेमका प्रश्न विचारला, त्यामुळे. दारात आलेल्या पाहुण्याच्या प्रश्नाने जे झालं त्याचं सगळं श्रेय झाडाला देणं बरोबर नाही.

"फक्त एकांतात सुचते" या वाक्याला याहून चांगलं उत्तर फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याने स्वतःच देऊन ठेवलं आहे. १९०८ मध्ये पॅरिसच्या एका व्याख्यानात त्याने आपला अनुभव सांगितला. पंधरा दिवस तो रोज तास-दोन तास टेबलाशी बसून एका प्रश्नाशी झटत होता. पुढे तो भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला आणि प्रवासात गणित विसरला. कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्याच विषयातली पुढची कल्पना समोर आली. भोवती माणसं होती, गप्पा चालू होत्या, आणि त्याने त्या गप्पा तशाच पुढे चालू ठेवल्या. घरी परतल्यावर सवडीने बसून त्याने ती तपासून पाहिली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी प्रश्नाशी झटणं, मग त्याला डोक्यात तसाच राहू देणं, मग माणसांच्या गर्दीत अचानक सुचणं, आणि शेवटी शांतपणे तपासणं. संदेश लिहिणाऱ्याने शांतता सुचण्याच्या जागी ठेवली आहे. माझ्या अनुभवात ती त्याच्या आधी आणि नंतर लागते.

आता घरच्या गोंगाटाबद्दल. इथे मला जरा थांबायचं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी ओव्या कुठे रचल्या? जात्यावर. जातं म्हणजे काही शांत वस्तू नव्हे, ते सतत घरघरतं. हात कामात अडकलेले, समोर खुंट्याला दुसरी बाई, पहाटेचं दळण संपवायची घाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बायकांपैकी किती जणींना रोज दोन तासांचा एकांत मिळत असेल? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या रचत गेल्या आणि इतरांनी ते लिहून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. काम एका लयीत चाललेलं असतं तेव्हा हात गुंतलेले आणि मन मोकळं राहतं. ही मोकळीक शांततेसारखी दिसत नाही म्हणून आपण तिला मोजत नाही.

माझंच सांगते. वाड्यावरच्या मुलांचं नाटक मी दर वर्षी लिहून देते. यंदा अकरा मुलं आली आणि माझ्याकडच्या गोष्टीत पात्रं चार. कुणालाही "तू झाड हो आणि गप्प उभा राहा" असं सांगायचं नाही, हा माझा नियम. तीन आठवडे मी वहीत खाडाखोड करत होते. चतुर्थी जवळ आली होती. एका संध्याकाळी मी आदोळीवर बसून नारळ खवत होते आणि सासूबाई माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीचा, मोठ्याने हिशोब करत होत्या: माटोळीला आंबाडे शेजारच्या परसातून येतील, कांगलां डिचोलीच्या बाजारातून आणायची, निरफणस भाऊजी देतील, तोरिंग कुणाकडेच नाही. मी खवता खवता थांबले. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी! रात्री घर झोपल्यावर माटोळीतली फळं आपसात बोलतात, प्रत्येक जण कुठल्या डोंगरातून, कुणाच्या परसातून आला ते सांगतो. अकरा मुलं, अकरा फळं, आणि प्रत्येकाला बोलायचं.

हे मला एकांतात सुचलं नसतं, कारण त्यातला माल माझ्या डोक्यात नव्हताच. तो सासूबाईंच्या तोंडात होता. मी फक्त तीन आठवडे भांडं मांडून बसले होते. ज्या गोंगाटापासून पळायला संदेश सांगतो, कल्पनेचं बी पुष्कळदा त्यातूनच येतं. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं आठवा: बाजार, तावेर्न म्हणजे दारूचं दुकान, लग्नाची वरात, आणि कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा सुटलेलं नाही. माणसांत राहून डोळे उघडे ठेवल्याशिवाय ती गर्दी कागदावर येत नाही.

मेंदूच्या उजव्या भागाचं वाक्य लवकर संपवते. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली. काही माणसं "उजव्या मेंदूची" आणि काही "डाव्या मेंदूची" असतात याला त्यांना आधार सापडला नाही.

पहाटे चारचंही तसंच. ज्यांना पहाट मानवते त्यांनी जरूर उठावं. पण मारेके वीथ आणि रोझ झॅक्स यांनी २०११ मध्ये ४२८ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: अचानक उलगडणारी कोडी मुलांना आपल्या उत्तम वेळेपेक्षा मरगळलेल्या वेळी जास्त सुटली. एका अभ्यासावरून मी नियम करणार नाही. पण सगळ्यांनी चारलाच उठावं, असा नियम करायलाही आधार नाही. मुलाचं आजारपण काढून बारा वाजता झोपलेल्या बाईला पहाटे चारचा सल्ला देणं मला तर निर्दयपणाचं वाटतं. तिला झोप द्या.

"दोन तास काहीही न करता बसा." हे लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलं असेल का, अशी मला शंका आहे. २०१४ मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवलं. जवळ एक बटण होतं, ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसे. हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ, असं आधी म्हणणाऱ्यांपैकीही १८ पुरुषांत १२ जणांनी आणि २४ बायकांत ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. पंधरा मिनिटांत! रिकामं बसणं अवघड आहे आणि ते न जमणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये.

त्यापेक्षा चाला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझ्झो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी दाखवलं की बसलेल्यापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचतात. कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालतानासुद्धा. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की एकच नेमकं उत्तर काढायचं असेल तर चालण्याने फायदा होत नाही, उलट कामगिरी किंचित उतरते. म्हणजे सुचायला चालणं आणि पारखायला बसणं. आपल्या गोव्यातल्या कोसबेनमध्ये १९०७ साली जन्मलेले दा. ध. कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती होते, राहायचे पुण्याला. वर्षानुवर्षं डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. आणि पुण्याच्या टेकड्यांवर पायी फिरताना त्यांनी अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं टिपली, त्यावरून प्राचीन वाटांचा विचार केला. गाडीचा धडधडाट आणि डोंगराची पायपीट, दोन्ही त्यांच्या दिवसाचा भाग होते.

फोनबद्दल मात्र संदेशाशी माझं भांडण नाही. चोडणहून रायबंदरला जाताना फेरीत काही मिनिटं इंजिनाचा आवाज आणि मांडवीचं पाणी एवढंच असतं. पूर्वी लोक काठावरच्या खारफुटीकडे बघत उभे राहायचे, आता सगळ्यांच्या माना खाली. माझीही असायची. भरकटणाऱ्या मनाचा सर्जनशीलतेला किती उपयोग होतो याबद्दल संशोधकांचे निष्कर्ष जुळत नाहीत. एका गाजलेल्या प्रयोगाची पुन्हा पडताळणी केली तर तसा निकाल आला नाही. पण तीन आठवडे सोबत असलेला प्रश्न आठवायला तरी मोकळी मिनिटं लागतात. ती मी आता फोनला देत नाही.

राहिला आठवडाभराचा गोवा. २०११ च्या जनगणनेत आमची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि २०२४ मध्ये इथे एक कोटीहून जास्त पर्यटक आले. हणजुणे-वागातोरच्या लोकांना रात्रीच्या कर्कश संगीताविरुद्ध उच्च न्यायालयाकडे दाद मागावी लागली आहे. तुम्ही ज्या शांततेसाठी येता ती त्यांना स्वतःच्या घरात मिळत नाही. इथली खरी शांतता म्हणजे दुपारी पणजी-म्हापशाची दुकानं बंद होतात तो वेळ. दुकानदार घरी जातो, जेवतो, आडवा होतो, पुन्हा दुकान उघडतो. रोजच्या कामाच्या पोटात ठेवलेला हा विसावा आहे. तो आठवडाभरासाठी भाड्याने मिळत नाही. तो तुमच्या गावात, तुमच्या दिवसात तुम्हालाच बसवावा लागेल.

आणि शेवटचं वाक्य, ज्याने त्या मुलीला गप्प केलं. रोज दोन तास "काढता येत नाहीत" असं म्हणताना संदेश असं धरून चालतो की वेळ प्रत्येकाच्या खिशात असतो आणि आळशी माणूस तो काढत नाही. पण घरात एकाला निवांत बसायला मिळतं तेव्हा त्याच वेळी दुसरं कुणीतरी पाणी भरत असतं, पोराला भरवत असतं. माटोळीची कल्पना मला सुचली स्वयंपाकघरात. पण ती लिहायला, अकरा जणांचे संवाद एकमेकांत बसवायला मला खरोखरच शांतता हवी होती, आणि तिथे मी अडले. चार दिवस एक पानही झालं नाही. मग मी घरात बोलले. आता तिन्हीसांजेचा दिवा लावून झाला की अर्धा तास पडवीतलं टेबल माझं. मुलाचा अभ्यास हे घेतात. कुणी हाक मारली तर सासूबाई आतूनच सांगतात, "ती लिहिते आहे, मागाहून ये."

त्या मुलीला मी गटावर उत्तर दिलं नाही, तिच्या घरी गेले. सासऱ्यांजवळ बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी अर्धा अर्धा तास मी बसणार आहे. तेवढ्यात तिने तिचं गाणं कागदावर उतरवायचं. चाल तिच्याकडे आधीच आहे, ती परवा फेरीत गुणगुणत होती. आणि माझ्या निरफणसाला अजून संवाद मिळायचे आहेत.